व्यायाम सुरू होतो, पण खंड पडल्यावर पुन्हा सुरू होत नाही. काय करावे?

डोंबिवलीकर

नमस्कार. माझे वय ४४. राहणे डोंबिवली पूर्वेला आणि कार्यालय मुंबईत फोर्टला. सकाळी आठच्या आत घर सोडावे लागते आणि परतायला रात्रीचे साडेआठ होतात. गेल्या वर्षीच्या तपासणीत एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी) ६.१ निघाले. ‘मधुमेह अजून नाही, पण उंबरठ्यावर आहात, नियमित चालायला लागा,’ असे डॉक्टरांनी बजावले. तेव्हा व्यायाम करावा की नाही, हा माझा प्रश्नच नाही.

व्यायाम सुरू करण्यात तर मी आता तरबेज झालो आहे, कारण गेल्या नऊ वर्षांत तो मी पाच वेळा सुरू केला. एकदा सोसायटीच्या आवारात पहाटे चालणे, एकदा वर्षभराचे पैसे भरून लावलेली जिम (गेलो सात आठवडे), एकदा रथसप्तमीच्या मुहूर्तावर सूर्यनमस्कार, एकदा दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी धावण्याचा सराव आणि शेवटी मोबाइलवर पावले मोजणे. अलीकडे जुन्या डायऱ्या काढून पाहिल्या, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसली. पाचांपैकी एकदाही मी कंटाळून व्यायाम सोडलेला नाही. प्रत्येक वेळी बाहेरून काहीतरी आले: जुलैचा पाऊस, आठवडाभराचा ताप, गणपतीला कोकणात गावी जाणे, मार्चअखेरची कामे, मुलीची दहावी. खंड पडला तो आठ-दहा दिवसांचाच. मात्र त्यानंतर ‘येत्या सोमवारपासून’ असे म्हणत सहा-सहा महिने गेले.

‘२१ दिवस केले की सवय लागते’ हे वाक्य मी शंभरदा ऐकले आहे. मी पाचही वेळा २१ दिवस ओलांडले, एकदा तर साठ दिवस एकही खाडा न होता पार पडले, तरी सवय म्हणावी असे काही लागले नाही. ज्यांचा व्यायाम खरोखर दहा-पंधरा वर्षे टिकला आहे, त्यांच्याकडून मला जाणून घ्यायचे आहे की खंडानंतर तुम्ही परत कसे येता?

अनवट

तुमच्या प्रश्नाची मांडणी मला फार आवडली, कारण बहुतेक सल्ले सुरुवातीविषयी असतात आणि खरी गळती तुम्ही म्हणता तिथेच होते.

आधी त्या २१ दिवसांचा हिशेब मिटवू. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना साधारण तीन आठवडे तरी लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘तरी’ पुढे गळून पडला आणि उरलेला आकडा व्यायामापासून स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासापर्यंत सगळ्याला चिकटवला गेला. प्रत्यक्ष सवयीचे मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आणि २००९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ९६ जणांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एखादी साधी कृती निवडून ती रोज एका ठरावीक प्रसंगाला जोडली आणि १२ आठवडे ती किती आपोआप होते याची नोंद ठेवली. सवय जवळपास पूर्ण रुजायला लागणारा मध्यक काळ ६६ दिवसांचा निघाला, पण माणसामाणसांत तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे नोंदींवरून काढलेले अंदाज) बदलत होता आणि व्यायामाला पाणी पिण्यासारख्या कृतीपेक्षा बराच अधिक वेळ लागत होता. त्यामुळे साठाव्या दिवशी तुम्हाला सवय लागलेली नव्हती, यात तुमचे काही चुकले असे नाही. याच पाहणीतला तुमच्या कामाचा दुसरा निष्कर्ष असा, की एखाद्या दिवशी कृती चुकली तर रुजत आलेल्या सवयीला त्याने लक्षणीय धक्का लागत नव्हता. म्हणजे ‘साखळी तुटली, आता पुन्हा पहिल्यापासून’ असे जे आपण मानतो, त्याला आधार नाही. अर्थात एक दिवस चुकणे आणि दहा दिवस गावी जाणे यांत फरक आहे, हे मान्य.

आता माझ्या मते जो कळीचा मुद्दा आहे तो. व्यायाम कधीच दात घासण्यासारखा आपोआप होत नाही. अर्धा तास घाम गाळताना मन जागेच असते, दम लागतो, कंटाळा येतो. मग सवय लागते तरी कशाची? ॲलिसन फिलिप्स आणि बेंजामिन गार्डनर यांनी २०१६ मध्ये या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या: व्यायामाला निघण्याची सवय आणि व्यायाम ठरावीक पद्धतीने पार पाडण्याची सवय. माणूस किती वेळा व्यायाम करतो याच्याशी पहिलीचा संबंध दिसला, दुसरीचा दिसला नाही. आपण मात्र सगळी शक्ती दुसरीवर खर्च करतो. किती किलोमीटर, किती मिनिटे, कोणते ॲप, कोणते बूट, आणि दाराबाहेर पडण्याचा क्षण रोज नव्याने ठरवायला ठेवतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगायचा तर मी बारा वर्षे पुण्यात हनुमान टेकडी चढतो आहे आणि यातल्या निदान शंभर वेळा तरी पायथ्यापर्यंत जाऊन परत आलो आहे. कधी पाऊस, कधी पाठ धरलेली, कधी नुसताच आळस. पण पहाटेचा चहा संपला की बूट चढवायचे आणि पायथ्यापर्यंत जायचे, एवढे मी मोडत नाही. पुढचे तिथे गेल्यावर बघू. पाहुणे घरी असले तरी मी बूट घालतो, यावरून घरात माझी पुष्कळ चेष्टाही होते.

परत येण्याविषयीचा एक अभ्यास तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. २०२१ मध्ये कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका जिम-साखळीच्या ६१ हजारांहून अधिक सभासदांवर ५४ निरनिराळ्या युक्त्या चार-चार आठवडे वापरून पाहिल्या. सर्वांत सरस ठरली ती अशी युक्ती, ज्यात ठरलेला व्यायाम चुकल्यानंतर परत येणाऱ्याला काही सेंट मोलाचे जादा गुण मिळत. अखंड येणाऱ्याचा नव्हे, चुकून परत येणाऱ्याचा गौरव. (त्याच अभ्यासात चार आठवडे संपल्यावरही परिणाम टिकलेल्या युक्त्या जेमतेम ८ टक्के होत्या, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर मीसुद्धा २१ दिवसवाल्यांच्याच पंक्तीत बसेन.) म्हणून डायरीत अखंड दिवस मोजू नका, परत आलेल्या दिवसावर खूण करा.

शलाका

अनवट यांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, पण पहाटेचा चहा त्यांच्या घरी कोण करते, हे त्यात आलेले नाही.

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. मी ठाण्याला शाळेत शिकवते, घरी दोन मुले आणि सासूबाई आहेत. माझाही व्यायाम सात वर्षांत चार वेळा सुरू होऊन बंद पडला आणि मी स्वतःला आळशी समजत राहिले. नीट पाहिले तेव्हा कळले की माझा प्रत्येक खंड घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी वेळापत्रकामुळे पडलेला आहे. साडेपाच ते साडेसहा हा तास माझा आहे असे मी एकटीने ठरवले होते, घरात कुणाशी बोलले नव्हते, त्यामुळे अडचण आली की सर्वांत आधी तोच तास खर्ची पडायचा. दोन वर्षांपूर्वी सर्वांना बसवून स्पष्ट सांगितले की सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळी डबे यांनी भरायचे आणि मी उपवन तलावाला फेरी मारायला जाणार. पहिला महिना भाजीत मीठ कमी-जास्त झाले. आता होत नाही. तेव्हापासून दोनदा खंड पडला, दोन्ही वेळा मी आठवड्याभरात परत गेले, कारण तास तिथेच माझी वाट पाहत होता.

डोंबिवलीकर, तुम्ही आठच्या आत घर सोडता. त्याआधीच्या तासात घरात कोण काय करते, हे एकदा पाहा.

सांधेजोड

मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे आणि ‘परत आलो’ म्हणणारी माणसे मला दर महिन्याला भेटतात, दुर्दैवाने गुडघा किंवा टाच धरून. म्हणून वर ज्याची चर्चा झाली नाही, त्या शारीरिक बाजूबद्दल थोडे लिहितो.

खंडानंतरचा पहिला आठवडा फसतो याचे एक कारण मनात नसून शरीरात असते. दोन-तीन आठवडे व्यायाम थांबला की दमसास लक्षात येण्याइतका उतरतो. स्नायूंची ताकद तुलनेने जास्त दिवस टिकते. माणूस परत येतो तो डोक्यात जुना आकडा घेऊन. जुन्या वेगाने चालायला किंवा धावायला जातो, पाय साथ देतात पण धाप लागते, आणि पुढचे दोन-तीन दिवस मांड्या-पोटऱ्या इतक्या ठणकतात की जिना उतरणे नकोसे होते. हा ठणका साधारणपणे २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असतो, पुढे आपोआप ओसरतो आणि त्यात काळजीचे काही नसते. पण ज्याला आधीच अपराधी वाटत आहे, त्याला तो शिक्षेसारखा वाटतो आणि तो पुन्हा थांबतो.

त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो की परतीचा पहिला आठवडा मुद्दाम लाजिरवाणा वाटेल इतका सोपा ठेवा. खंडाआधी ४० मिनिटे चालत असाल तर १५ ते २० मिनिटे चाला आणि शेजारच्याशी बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, एवढाच वेग ठेवा. तापातून उठला असाल तर ताप पूर्ण जाऊन अंगात तरतरी येईपर्यंत थांबा. धावणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण स्नायू लवकर तयार होतात आणि त्यांना हाडांशी जोडणारे स्नायूबंध मागे राहतात. आठव्या-दहाव्या दिवशी ‘आता जमतंय’ असे वाटू लागते, नेमक्या त्याच सुमारास टाचा दुखू लागतात. चालताना छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा निराळी धाप जाणवली, तर मात्र सवय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटावे.

आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पूर्वी सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल हिशेबात धरत नसत, ती अट या वेळी काढून टाकली आहे. सीएसएमटी ते फोर्ट हे अंतर तुम्ही कसे जाता, ते मला ठाऊक नाही. पण पायी भरभर जात असाल तर तीसुद्धा मिनिटे आहेत, आणि ती पावसाळ्यात किंवा मार्चमध्ये बंद पडत नाहीत.

मातीतला

मी मूळचा कोल्हापूरचा, आता बेळगावला असतो. लहानपणी तालमीत जायचो. तिथे गेल्या गेल्या कुणी जोर-बैठकांना लागत नसे. आधी फावडे घ्यायचे आणि आखाड्यातली लाल माती उकरून मऊ करायची, रोज, हिवाळा असो वा उन्हाळा. आम्हा पोरांना ते वेठबिगारीचे काम वाटायचे. अनवट यांचे ‘निघण्याच्या सवयी’विषयीचे लिखाण वाचताना मला त्या फावड्याची आठवण झाली. फावडे हातात आले की अंग कामाला लागलेले असायचे, पुढे जोर मारू की नको हा विचार शिल्लकच राहत नसे. शिवाय एखादा पोरगा चार दिवस आला नाही, तर पाचव्या दिवशी वस्ताद त्याच्या घरी निरोप धाडत. आज जिमचे पैसे भरणाऱ्याला असा निरोप धाडणारे कुणी नसते. वर्षाचे पैसे तर आधीच जमा झालेले असतात.

नमस्कारी

माझे वय ७१, साताऱ्याला असतो, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो. एकोणचाळीस वर्षे सूर्यनमस्कार घालतो आहे. आमच्या भागात या व्यायामाचा वारसा घरोघरी होता, कारण औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नमस्कारांचा ध्यास घेतला होता. स्वतः रोज घालत, त्यावर पुस्तके लिहिली आणि संस्थानातल्या शाळांतही ते आणले. माझे वडील औंधच्या शाळेतले. घरात नमस्कार हा व्यायाम म्हणून नव्हे, अंघोळीसारखा दिनक्रम म्हणूनच होता.

तरीही मला खंड पडले नाहीत असे समजू नका. पत्नीच्या आजारपणात सव्वा वर्ष मी एकही नमस्कार घातला नाही. परत आलो तेव्हा बाराचा आग्रह सोडला आणि एक घातला. खरोखर एकच, ‘ॐ मित्राय नमः’ म्हणून. दुसऱ्या दिवशीही एकच. आठवडाभर एकावरच थांबलो, कारण दोन घालण्याची इच्छा होत असतानाही मुद्दाम थांबलो की उद्याची ओढ राहते, असे मला वाटते. आजही प्रवासात, लग्नघरात, बरे नसताना माझा नियम एका नमस्काराचा आहे. त्याला जागा सतरंजीएवढी लागते आणि वेळ अर्ध्या मिनिटाचा.

अनवट म्हणतात त्याच्याशी माझा थोडा मतभेद आहे. टेकडीच्या पायथ्यापासून परत येणे मला मानवणार नाही. थोडा का होईना, पण व्यायाम घडला पाहिजे, नुसती तयारी नव्हे. हा स्वभावाचा भाग असेल.

पाळीवाला

रासायनिक कारखान्यात फिरत्या पाळीत काम करतो, आठवड्याला वेळ बदलते, त्यामुळे ‘सकाळी सहा’ हा सल्ला मला निरुपयोगी होता. मी घड्याळ सोडले आणि ‘झोपेतून उठल्यावर तोंड धुतले की’ असे ठरवले, मग ती सकाळ असो वा दुपारचे तीन. सहा वर्षे टिकले आहे. डोंबिवलीकर यांच्या गावाकडच्या दहा दिवसांनाही हे लागू पडावे. गावी घड्याळ बदलते, पण तोंड तर तिथेही धुतो.

डोंबिवलीकर

सर्वांचे मनापासून आभार. नमस्कारी काका, तुमचे लिखाण दोनदा वाचले.

माझी चूक आता मला अशी दिसते की पाचही वेळा मी व्यायामाची एकच आवृत्ती ठरवली होती, चांगल्या दिवसाची. वाईट दिवसासाठी माझ्याकडे काहीच नव्हते, म्हणून वाईट दिवस आला की सगळेच थांबायचे. आता पुढीलप्रमाणे ठरवले आहे. सकाळी तोंड धुतल्यावर बूट घालून खाली उतरायचे. बऱ्या दिवशी सोसायटीभोवती २५ मिनिटे, पावसात इमारतीचे चार मजले दोनदा, गावी किंवा तापातून उठल्यावर काकांचा एक नमस्कार. संध्याकाळी कार्यालयातून सीएसएमटीपर्यंत चालतोच, पण रेंगाळत चालत होतो, ते आता भरभर. खंड आठ दिवसांहून मोठा झाला तर पहिला आठवडा अर्ध्या मापाचा. आणि सोमवारची वाट पाहायची नाही, ज्या दिवशी गावाहून परत येईन त्याच्या दुसऱ्या दिवशी, मग तो शनिवार का असेना. अकरा आठवड्यांनी इथे कळवतो, मध्ये गणपती येतातच.

डोंबिवलीकर (अकरा आठवड्यांनंतर)

ठरल्याप्रमाणे कळवतो. एकूण ७७ दिवसांपैकी पूर्ण चालणे ४३ दिवस, जिना ११ दिवस, एक नमस्कार ९ दिवस, काहीच नाही असे १४ दिवस. या चौदांपैकी सहा दिवस गणपतीत सलग गेले. गावी पहिले तीन दिवस पडवीत नमस्कार घातला, पुढे आरत्या, जागरणे आणि पाहुणे यांत तोही राहिला. विसर्जन करून मंगळवारी रात्री डोंबिवलीला पोहोचलो आणि बुधवारी सकाळी खाली उतरलो. नऊ वर्षांत प्रथमच गणपतीनंतर परत आलो आहे. चाललो मात्र बाराच मिनिटे. एचबीए१सी पुढच्या महिन्यात तपासणार आहे, त्याबद्दल आताच काही म्हणत नाही.

सवय लागली का? अजून नाही. सकाळी अजूनही मनात वाद होतो. फक्त हल्ली तो वाद बूट घालून झाल्यावर, जिन्यात होतो.

शलाका

अभिनंदन. माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र राहिले. त्या पंचवीस मिनिटांत डबा कोण भरते?

डोंबिवलीकर

शलाकाताई, पहिले तीन आठवडे पत्नीच भरत होती आणि हे माझ्या लक्षातही आले नव्हते. आता भाजी आदल्या रात्री मी चिरून ठेवतो, आणि मंगळवार-गुरुवारी ती चालायला जाते तेव्हा पोळ्या सोडून बाकीचा डबा माझ्याकडे असतो. पोळ्यांचा प्रयोग एकदाच केला. त्या दिवशी मुलीने कँटीनमध्ये खाल्ले.